पेन्सिलीतला रकाना

अमरावती
४ जुलै २०२४

प्रिय कहकशाँ,

फोन करायचं टाळून पत्र लिहिते आहे. फोनवर तू हसवतेस आणि मी विचारायचं ते विसरते, किंवा विसरल्याचं स्वतःला सांगते. वसतिगृहात भांडण झालं की आपण एकाच खोलीत बसून एकमेकींना चिठ्ठ्या लिहायचो, तसंच समज. मात्र हे भांडण नाही.

२०१७ च्या उन्हाळ्यात आमच्या शाळेने तुझ्या अकोल्याच्या दुकानातून स्टँडवर बसवायचा एक कॅमेरा घेतला होता, आठवतं? खाली नोंदवही उघडून ठेवायची, वरून फोटो घ्यायचा. नांदगाव खंडेश्वर तालुक्यातली आमची शाळा जुनी आहे. स्वातंत्र्याच्या आधीपासूनच्या दाखल-खारीज, म्हणजे मुलांची नावं घातल्या-काढल्याच्या, नोंदवह्या होत्या. मी तिथली लिपिक, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. आमचा शिपाई देवमन पानं उलटायचा आणि मी बटण दाबायची. पिवळी, डागाळलेली पानं पडद्यावर दुधासारखी पांढरी उमटायची. मुख्याध्यापक येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून ती दाखवायचे.

२०२१ मध्ये शाळेत विलगीकरण केंद्र झालं तेव्हा नोंदवह्यांच्या पेट्या मागच्या टिनाच्या खोलीत हलवल्या. आठ महिन्यांनी उघडल्या तर वाळवीने सगळं खाल्लं होतं. हाताला नुसती माती लागली. मी घाबरले नाही. फोटो आहेत, असं म्हणाले.

आता देवमनच्या मुलीला, प्रियदर्शनीला, सरकारी मेडिकलला जागा मिळेल इतके गुण पडले आहेत. त्यासाठी जात वैधता प्रमाणपत्र हवं, आणि त्यासाठी १९५० आधीचा पुरावा. घराण्यात आधी कुणाचीच वैधता झालेली नाही. तहसिलीत कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदींची, त्या सालची पानंच नाहीत. उरली एकच नोंद: तिच्या पणजोबांची, सोनाजींची, १९३८ साली आमच्या शाळेत नाव घातल्याची. फोटोत नाव आहे, बापाचं नाव आहे, गाव आहे. जातीचा रकाना मात्र कोरा आहे.

देवमन म्हणतो, तिथे पेन्सिलीने लिहिलेलं होतं.

तुला एवढंच विचारायचं आहे. कॅमेऱ्यात पेन्सिलीचं अक्षर नाहीसं होऊ शकतं का? सरळ सांग. तेवीस सप्टेंबर ही प्रमाणपत्र दाखल करायची शेवटची तारीख आहे.

तुझी,
प्रतीक्षा


अकोला
११ जुलै

प्रतीक्षा,

तुझं पाकीट आलं तं अब्बा म्हणाले, पोस्टमन जिता आहे म्हणजे अजून. मग तुझं अक्षर पायलं अन् म्हणाले, या पोरीनं माझ्या दुकानातून बिल मांगून घेतलं होतं, तेही दोनदा तपासून. तू तेवढीच याद आहेस त्यांना.

आता तुझं विचारणं. कॅमेरा समोर जे आहे तेच घेते बाई. त्याले काय कोणाशी दुश्मनी? फोटोच्या प्रोग्राममधे सेटिंगची खिडकी उघड. तिथं उजेड, गडद-फिकं, रंग, फोकस असे दांडे दिसतीन. कोणी उजेडाचा दांडा पार वर सरकवून ठेवला असन तं फिकं अक्षर उडू शकते. सगळे दांडे मधात असतीन तं कॅमेऱ्याचा दोष नाई.

एक गोष्ट बोलू का, राग मानू नको. ज्या बापाच्या पोरीची जागा अडकून आहे, त्याले कोऱ्या रकान्यातही अक्षर दिसते. जुने मास्तर रकाने कोरे सोडत होते. आमच्या दादाजानच्या दाखल्यावर तं जन्मतारीखच नाई.

पोरीले म्हणा, हिंमत ठेव.

कहकशाँ


अमरावती
१९ जुलै

प्रिय कहकशाँ,

तू सांगितल्याप्रमाणे खिडकी उघडली. सहा दांडे आहेत आणि सहाही मध्यावर आहेत. मी देवमनला बोलावून सांगितलं की कॅमेऱ्याचा दोष नाही, रकाना मुळातच कोरा असावा. घंटेची वेळ झाली होती, तो घंटा द्यायला गेला. कोऱ्या रकान्यातही अक्षर दिसण्याचं तुझं वाक्य मी त्याच्या तोंडावर म्हटलं नाही, पण मनात म्हटलं, आणि त्याने मला बरं वाटलं. हे मी माझ्या रोजनिशीच्या वहीत लिहून ठेवलं आहे.

दुसऱ्या दिवशी प्रियदर्शनी आली. बारीक अंगाची, बोलायला धीट. "मॅडम, तो कॅमेरा अजून आहे का?" कपाटावरून काढून दिला. तिने एका कोऱ्या कागदावर बॉलपेनने आपलं नाव लिहिलं, खाली पेन्सिलीने पणजोबांचं लिहिलं, आणि कागद कॅमेऱ्याखाली ठेवला.

पडद्यावर तिचं नाव आलं. पणजोबांचं आलं नाही.

तिने पेन्सिल दाबून पुन्हा गिरवलं. पुसट रेघा आल्या, तुटक. तिने दांडे एकेक करून खालपर्यंत नेले. पान करडं झालं, पण अक्षर परत आलं नाही. मग तिने माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, इथं तर सगळं मध्यावर आहे. मग अक्षर कोण पुसून राहिलं?"

तोच प्रश्न मी तुला विचारते आहे. तुला येत असेल तर दे. कहकशाँ, आपली ओळख पंचवीस वर्षांची आहे. तुझं मागचं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात माझ्या प्रश्नाला सरळ उत्तर नाही, संशय मात्र देवमनवर आहे.

प्रतीक्षा


अकोला
२७ जुलै

प्रतीक्षा,

हो. मले माहीत होतं.

आता सगळं सांगते, मधात थांबू नको. कॅमेरा कंप्युटरले जोडला की दोघांचं बोलणं करून देते तो ड्रायव्हर, एक लहानसा प्रोग्राम. फोटोचा प्रोग्राम ड्रायव्हरले विचारते, या कॅमेऱ्यात फिरवासारखं काय काय आहे? कंप्युटरसोबत येणारा साधा ड्रायव्हर म्हणजे सरकारी फॉर्म समज. साऱ्या कॅमेऱ्यात असते तेवढंच त्यात छापलेलं: उजेड, रंग, फोकस. पण कंपन्या आपापल्या कॅमेऱ्यात जास्तीचंही टाकतात. ते चिपमधे एका अलग कप्प्यात असते अन् त्या कप्प्याले बत्तीस अक्षराचा नंबर असते. ज्याले नंबर माहीत नाई त्याले तो कप्पा विचारताच येत नाई. कंपनीच्या ड्रायव्हरले तो माहीत असते. तो टाकला की त्याच खिडकीत अजून एक पान उघडते, तिथं कंपनीचे दांडे.

या कॅमेऱ्यात असा एक दांडा आहे, कागद उजळवायचा. जे फिकं दिसलं ते सगळं पांढरं करते. शाई वाचते. पेन्सिल, फिका शिक्का, पाणी लागलेली सही, हे जाते. अन् एकदा लावला की कॅमेरा आपल्या पोटात ध्यानात ठेवते, कंप्युटर बदलला तरी.

तुमचे मुख्याध्यापक दुकानात आले होते तवा मी माझ्या कंप्युटरवर तो दांडा पार टोकाले नेला. पिवळा कागद पांढराशुभ्र दिसला अन् त्यांनी उभ्या उभ्या कॅमेरा घेतला. मग तुमच्या शाळेत बसवाले आली तं तुमच्या जुन्या कंप्युटरवर कंपनीची सीडी चालेना. साध्या ड्रायव्हरवर चालू करून दिला. म्हणजे दांडा टोकालेच राहिला, अन् तुले दिसाचा रस्ता बंद झाला. तवा मले त्याचं काही वाटलं नाई, खुदाकसम. दोन सालानं हाच कॅमेरा नेलेले एक वकील भांडत आले, जमिनीच्या फेरफाराच्या कागदावरचा शिक्का फोटोत नाई म्हणून. तवा समजलं. तवा तुले एक फोन करता आला असता. तुझ्या वह्या तवा पेटीत सुखरूप होत्या. मी केला नाई. काहून नाई केला, हे विचारू नको. विचारलंस तरी मजपाशी चांगलं उत्तर नाई.

कंपनीचं संकेतस्थळ बंद पडलं आहे. जुन्या सीडीवरून ड्रायव्हर पेनड्राइव्हवर घेऊन पाठवून राहिली. तुमचा आताचा कंप्युटर तो घेईन.

कहकशाँ


अमरावती
५ ऑगस्ट

कहकशाँ,

पेनड्राइव्ह मिळाला. ड्रायव्हर टाकला. खिडकीत सातवा दांडा आला, दुसऱ्या पानावर एकटाच, वरच्या टोकाला टेकलेला. प्रियदर्शनीनेच तो खाली ओढला. कागदावर पणजोबांचं नाव हळूहळू वर आलं, पाण्यातून यावं तसं. ती हसली. मग तिच्या ध्यानात आलं की हा तिचाच कागद आहे, गेल्या महिन्यातला. नोंदवही तर माती झाली. ती तशीच उभी राहिली, माउसवर हात ठेवून.

तुझ्यावर रागावण्याचा हक्क मला आहे असं दोन दिवस वाटलं. मग २०१७ ची डायरी काढली. तेवीस मेची नोंद जशीच्या तशी उतरवते:

"आज चाळीस पानं झाली. उकाडा फार. देवमन म्हणाला, मॅडम, वहीत पेन्सिलचं आहे, ते टीव्हीत दिसत नाही. मी म्हणाले, पडदा जुना आहे, तू पान उलट. तो दोनदा म्हणाला. चहा उशिरा आला."

दोनदा म्हणाला, कहकशाँ. त्या माणसाने मला वेळेवर सांगितलं होतं, आणि मी ते लिहूनही ठेवलं होतं, चहाच्या बरोबरीने. नंतर प्रत्येक पानाच्या फोटोवर "मूळ नोंदीशी ताडून पाहिले, बरोबर आहे" असा शिक्का मारून मी सही केली. पहिल्या दिवशीची पानं ताडली होती. पुढची नाही.

तू दोन वर्षांनी गप्प राहिलीस. मी त्याच दिवशी ऐकलं नाही. तुझं मोठं की माझं, हे ठरवण्यात मी बराच वेळ घालवला. पण त्याने त्या मुलीचं काही होणार नाही.

जात पडताळणी समितीत लेखी निवेदन द्यावं, कॅमेरा नेऊन दाखवावा, असं ठरवलं. आधी तोंडी विचारायला गेले. तिथल्या अधिकारी बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. म्हणाल्या, "यातून रकान्यात काय होतं ते सिद्ध होत नाही. तुमच्या नोंदवहीच्या एकाही फोटोवर भरवसा ठेवता येत नाही, एवढंच सिद्ध होतं. निवेदन दिलंत तर मला सगळीच पानं बाजूला ठेवावी लागतील." त्याच नोंदवहीवर या वर्षी आणखी तीन मुलांचे अर्ज आहेत. मुख्याध्यापक म्हणतात, गप्प बसा. देवमनला विचारलं. तो म्हणाला, "लिहून द्या. तवा आयकलं नाही ना तुमी, आता लिहून द्या."

प्रतीक्षा


अकोला
१३ ऑगस्ट

प्रतीक्षा,

निवेदन देऊ नको. आधी हे पूर्ण वाच.

दुकानाची भीती आहेच, खोटं कशाले बोलू. हाच कॅमेरा मी अजून चार शाळांले दिला आहे, त्यातली एक पातूरकडची. अब्बाचं नाव पाटीवर आहे. पण ते सोड. तूच लिहितेस का निवेदनानं पोरीचं काही होत नाई, उलट तीन लेकरं अजून बुडतात. मग कोणासाठी देऊन राहिली? तुझ्या वहीसाठी?

दुसरा रस्ता सांगते. मूळ फोटोची फाइल मजपाशी पाठव. त्याच पानावर दुसऱ्या पोरांच्या ओळीत तोच शब्द शाईनं लिहिलेला असन. तो उचलून फिका करून सोनाजीच्या रकान्यात बसवणं मले दहा मिनिटाचं काम आहे. कोणाच्या बापाले समजत नाई. हे खोटं नाई, प्रतीक्षा. खोटं तं ते आहे जे आता कोरं दिसून राहिलं. आपण जे होतं तेच वापस ठेवून राहिलो. मी पुसलं, मीच लिहिते.

एवढं मले करू दे. बाकी माझ्याच्यानं काही होणार नाई.

कहकशाँ


अमरावती
२४ ऑगस्ट

प्रिय कहकशाँ,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी नाही म्हणाले नाही, हे आधी सांगते. फाइल पेनड्राइव्हवर घेतली, पाकिटात घातली, पाकिटावर तुझा पत्ता लिहिला. तू म्हणतेस तसा शब्द त्याच पानावर खरंच होता, चार ओळी खाली, छान वळणदार अक्षरात. वहीसाठी करते आहेस का, हा तुझा प्रश्न मला लागला, आणि तो खरा असावा अशी भीतीही वाटली. म्हणून मी ठरवलं की या वेळी वहीत काही लिहायचं नाही.

पोस्टात टाकण्याआधी देवमनकडे गेले. जे होतं तेच ठेवायचं, तर जे होतं ते त्याला विचारून घ्यावं. तो अंगणात प्रियदर्शनीच्या सायकलची चेन बसवत होता. मी विचारलं, नेमकं काय लिहिलेलं होतं? आडनावासकट होतं की नुसती जात? एका ओळीत की दोन?

त्याने चेन बसवून पायडल एकदा फिरवलं. मग म्हणाला, "लिवलेलं होतं एवढं याद आहे. काय लिवलं होतं ते मी वाचलंच नाही, मॅडम. आज्याचं नाव दिसलं म्हणून वाचाले वाकलो तं तुमी म्हणाल्या, पान उलट."

प्रियदर्शनी दारात उभी होती. तिने ऐकलं. तिला वाटत होतं की बापाने ते डोळ्यांनी वाचलेलं आहे. मलाही तसंच वाटत होतं, आणि तसं वाटू देणं देवमनला भाग होतं. ती आत गेली.

तेव्हा तिथे काय होतं हे आता जगात कुणालाच माहीत नाही, कहकशाँ. जात असेल. "वयाचा दाखला बाकी" असं असेल. नुसती बरोबरची खूण असेल. तू जो शब्द बसवणार होतीस तोच बहुतेक असेल. पण तो आपला शब्द झाला असता, आणि पुढे कधी पकडला गेला असता तर डॉक्टर झालेल्या मुलीच्या गळ्याशी आला असता, आपल्या नाही. मी पाकीट फाडलं. चांगुलपणाने फाडलं असं म्हणवत नाही.

सोमवारी निवेदन दिलं. कॅमेरा, दोन्ही ड्रायव्हर, डायरीचं पान, सगळं जोडलं. तुझ्या दुकानाचं नाव घालावं लागलं. घातलं.

प्रतीक्षा


अकोला
९ सप्टेंबर

प्रतीक्षा,

नाव घातलंस, ठीक केलंस. चार दिवस तुझ्यावर भडकून होती, मग उतरलं.

चारही शाळांत मी स्वतः गेली, स्कुटीवर. म्हटलं, ड्रायव्हर बदलून देते, दांडा खाली करून देते, जुन्या वह्या असतीन तं पुन्हा फोटो काढा. दोघांनी चहा पाजला अन् म्हणाले, वह्या रद्दीत गेल्या, आता कशाले उकरता. एक बाई म्हणाली, कॅमेरा कुठं आहे तेच माहीत नाई. पातूरकडच्या शाळेत वह्या होत्या. तिथं बसून मी दांडा खाली केला अन् जुनं पान ठेवलं. गुरुजी चष्मा लावून पाहत होते. एकदम म्हणाले, "अरे, हे तं माझंच अक्षर आहे." आधीच्या फोटोत ते नव्हतं.

घरी येऊन अब्बाले सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं का तुले कवापासून माहीत होतं. मी साल सांगितलं. ते मग जेवले नाईत. त्या दिवसापासून दुकानात येतात, बसतात, पण गिऱ्हाईक आलं की मजकडं पाहत नाईत.

पोरीचं काय झालं ते कळव. मेहेरबानी करून कळव.

कहकशाँ


अमरावती
२८ सप्टेंबर

प्रिय कहकशाँ,

तेवीस तारीख गेली. जागा गेली. ती कुणा दुसऱ्याला मिळाली असेल. त्या मुलाचा किंवा मुलीचा यात काही दोष नाही.

समितीने १९५० आधीच्या आमच्या सगळ्या फोटोंवर "स्वतंत्र पुराव्याशिवाय ग्राह्य नाही" असा शेरा मारला. अधिकारी बाईंनी सांगितलं होतं अगदी तसंच झालं. तिघांपैकी एका मुलाकडे काकाची वैधता होती, तो सुटला. दोघं अडकली.

प्रियदर्शनीने अमरावतीत बीएस्सीला नाव घातलं. कागद न्यायला आली तेव्हा मी तिच्याशी बोलायचं म्हणून उठले. ती म्हणाली, "मॅडम, तुमी लिहून दिलं ते मी वाचलं. चांगलं लिहिलं." तिच्या आवाजात टोचणं नव्हतं. असतं तर बरं झालं असतं. देवमन कामापुरतं बोलतो. पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा देऊ म्हणाला तर मुलगी म्हणाली, गुण तर यंदाही कमी नव्हते, बाबा.

तू चार शाळांत गेलीस हे वाचून मला रडू आलं. तू माझ्यापेक्षा बरी आहेस असं वाटलं, आणि लगेच वाटलं की असं वाटून घेण्यातही मी माझी सोय पाहते आहे. मला आता माझी एकही भावना ताडून घेता येत नाही.

हे पत्र घरी नाही, शाळेत बसून लिहिते आहे; वर सवयीने अमरावती पडलं. अडकलेल्या दोघांपैकी एकाची आजी सकाळी आली. पार्बताबाई. नातवाचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत, वर रबर लावलेलं. तिला कुणीतरी सांगितलं आहे की शाळेच्या कॅमेऱ्यात काही पानं खराब निघाली. तिने मला विचारलं, "बाई, आमचं पान तं चांगलं होतं ना?"

मी तिच्या सासऱ्याची नोंद पडद्यावर उघडली. सगळे रकाने भरलेले, काळ्या शाईत, स्वच्छ. जात आहे, गाव आहे, तारीख आहे. शेजारी शेऱ्याचा रकाना पांढराशुभ्र आहे. तो कोरा होता की तिथे कुणी काही लिहिलं होतं, आणि लिहिलं असेल तर तिच्या बाजूने की विरुद्ध, मला माहीत नाही. तिला हो म्हणाले नाही. नाहीही म्हणाले नाही. बसा, म्हणाले.

ती व्हरांड्यात बसली आहे. देवमनने तिला पाणी दिलं. मधली सुटी होऊन गेली, ती उठलेली नाही. तिला वाटतं आहे की मी हे जे लिहिते आहे ते तिच्याच कामाचं आहे.

प्रतीक्षा